विश्लेषण : जहाजांना ‘झेब्रा’ करणारा चित्रकार! नॉर्मन विल्किन्सन कोण होते? कोकणच्या खलाशांशी त्यांचा काय संबंध?

काळे-पांढरे पट्टे, मधेच निळा त्रिकोण, कुठे हिरवी वाकडी रेघ, आणि हे सगळे चारशे फूट लांबीच्या मालवाहू जहाजावर. पहिल्या महायुद्धातील अशा जहाजांचे फोटो मोबाइलवर अधूनमधून फिरतात आणि पाहणाऱ्याला हमखास एक प्रश्न पडतो. शत्रूपासून लपायचे असेल तर जहाज समुद्रासारखे करडे रंगवावे, ते सर्कशीच्या तंबूसारखे कशाला?

त्याचे उत्तर असे, की ते लपण्यासाठी रंगवलेले नव्हतेच. ‘डॅझल’ नावाच्या या रंगकामामागे एक निसर्गचित्रकार होता. त्याने एका तळघरात छोटी लाकडी जहाजे हाताने रंगवून, पेरिस्कोपमधून निरखून ही युक्ती तयार केली. नॉर्मन विल्किन्सन हे त्यांचे नाव. आज प्लास्टिकची मॉडेल जहाजे रंगवणारे छांदिष्ट मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या कापत बसतात, ते बऱ्याचदा विल्किन्सन यांच्याच नक्षीची नक्कल करण्यासाठी. आणि ती नक्षी अंगावर घेऊन जी खरी जहाजे समुद्रात गेली, त्यांच्या डेकवर काम करणाऱ्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले लोकही होते.

विल्किन्सन मूळचे कोण?

नौदलाशी त्यांचा जन्माने काही संबंध नव्हता. २४ नोव्हेंबर १८७८ रोजी इंग्लंडमधील केंब्रिज येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षणाचा काही काळ लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या गायक मुलांच्या शाळेत गेला. पुढे पोर्ट्समथजवळच्या साउथसी येथे राहत असताना ते तिथल्या कलाशाळेत दाखल झाले. पोर्ट्समथ हे ब्रिटिश नौदलाचे जुने बंदर. त्यामुळे जहाजे रोजच्या नजरेतली.

१८९८ पासून त्यांची चित्रे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकात येऊ लागली. पॅरिसला जाऊन त्यांनी मानवाकृती रंगवण्याचे धडे घेतले, पण मन रमले ते पाण्यात. कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या मच्छीमारी गावात त्यांनी लुई ग्रीअर यांच्याकडे समुद्रचित्रणाचा अभ्यास केला. पाण्यावरचा प्रकाश, क्षितिजावरची जहाजाची काळी आकृती, धुके उतरले की रंग कसा विरघळतो, हे सारे ते तिथे पाहायला शिकले. पुढे तेच कामी आले.

१९०५ मध्ये त्यांनी लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी पोस्टर केले. तोवर रेल्वेची पोस्टरे म्हणजे अक्षरांची आणि छोट्या चित्रांची खिचडी असे. विल्किन्सन यांनी एकच मोठे निसर्गदृश्य ठेवले आणि मजकूर कमी केला. लांबून, घाईत, चालता चालता पाहणाऱ्याच्या डोळ्यात काय भरते आणि काय निसटते, याचा हिशेब पोस्टर करणाऱ्याला रोज करावा लागतो. पाणबुडीचा कप्तानही जहाजाकडे असाच लांबून आणि घाईत पाहतो. हा धागा त्यांच्या चरित्रात फारसा ठळक केला जात नाही. पण तो महत्त्वाचा आहे.

‘टायटॅनिक’शीही त्यांचे नाव जोडलेले आहे. त्या जहाजाच्या पहिल्या वर्गाच्या धूम्रपान कक्षात त्यांचे प्लिमथ बंदराचे चित्र होते. १९१२ मध्ये ते जहाजाबरोबरच अटलांटिकच्या तळाशी गेले. ‘ऑलिंपिक’ या तिच्या जुळ्या जहाजासाठीही त्यांनी चित्र केले होते.

१९१७ मध्ये नेमके काय बिघडले होते?

युद्ध सुरू झाल्यावर विल्किन्सन नौदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात गेले. दार्दानेल्स, गॅलिपोली, जिब्राल्टर या भागांत पाणबुड्यांवर नजर ठेवणाऱ्या गस्तीत त्यांनी काम केले आणि तिथली रंगीत रेखाटने पुस्तकरूपाने आणली. १९१७ मध्ये ते डेव्हनपोर्ट या नौदल बंदरात, सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होते.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जर्मनीने निर्बंध झुगारून पाणबुडीयुद्ध पुकारले. इशारा न देता कोणतेही मालवाहू जहाज बुडवायचे, असे धोरण ठरले. एकट्या एप्रिल १९१७ मध्ये जगभरातली साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली. ब्रिटन धान्यापासून तेलापर्यंत सगळे समुद्रमार्गे आणणारे बेट. नुकसान याच गतीने चालू राहिले तर युद्ध हरण्याची वेळ येईल, हे लंडनमध्ये सगळ्यांना कळत होते.

मुंबईला येणारी जहाजेही यातून सुटली नव्हती. पी अँड ओ कंपनीचे ‘पर्शिया’ हे लंडनहून मुंबईकडे निघालेले प्रवासी जहाज ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ टॉर्पेडो लागून काही मिनिटांत बुडाले. त्यात तीनशेहून अधिक जण मेले. त्यांत भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते.

रत्नागिरीचा यात संबंध कसा?

कोकणात ‘बोटीवर आहे’ एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. खाडीकाठच्या अनेक गावांत जहाजावरची नोकरी ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाट आहे, आणि तिची सुरुवात ब्रिटिश काळातल्या वाफेच्या जहाजांपासून होते. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी प्रामुख्याने कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, बॉयलर-इंजिनाकडचे पंजाब आणि सरहद्द भागातले आणि जेवणखाण्याच्या विभागातले गोव्याचे, अशी विभागणी असे. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत होता.

भरती मुंबईत व्हायची आणि ती सारंगामार्फत. सारंग म्हणजे डेकवरच्या टोळीचा मुकादम. तो आपल्या गावचे, नात्यातले लोक घेऊन जहाजावर चढे. सोयीच्या दृष्टीने ही पद्धत चांगली. भाषा एक, जेवण एक. पण जहाज बुडाले की एकाच वाडीतल्या अनेक घरांवर एकदम घाला पडायचा.

१९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या वर ‘लास्कर’ होते. पगार गोऱ्या खलाशाच्या निम्म्याहूनही कमी. या महायुद्धात सुमारे साडेतीन हजार लास्कर मृत्युमुखी पडले आणि शेकडो शत्रूच्या कैदेत गेले. विल्किन्सन यांच्या नक्षीने ज्यांचा जीव वाचायचा होता किंवा वाचायचा नव्हता, ते लोक हे होते.

मग कल्पना सुचली कशी?

एप्रिल १९१७ मध्ये विल्किन्सन सुटीत मासेमारी करून पहाटेच्या गाडीने डेव्हनपोर्टला परतत होते. डबा गारठलेला. त्या प्रवासात त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली : जहाज अदृश्य करता येत नाही. आकाश दर तासाला बदलते, समुद्राचा रंग बदलतो, धुराड्यातून धुराचा लोट निघतो. पाणबुडीचा पेरिस्कोप पाण्याच्या पातळीवर असतो, त्यामुळे त्यातून जहाज आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळ्या सावलीसारखेच दिसते. कोणताही एक रंग यावर उपाय नाही.

तेव्हा उलट टोकाला जावे. जहाज दिसू द्यावे, पण ते कुठे तोंड करून चालले आहे हे कळू देऊ नये.

हे समजण्यासाठी थोडे गणित लागते. पाणबुडीच्या कप्तानाला जहाज जिथे आहे तिथे टॉर्पेडो मारून चालत नाही. जहाज जिथे पोहोचणार आहे तिथे मारावा लागतो. समजा जहाज हजार मीटर दूर आहे. टॉर्पेडोचा वेग ३६ नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण साडेअठरा मीटर. त्याला पोहोचायला ५४ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात १० नॉटने चालणारे जहाज सुमारे २८० मीटर पुढे सरकलेले असेल. म्हणजे नेम तेवढा पुढे धरायचा.

पण हा हिशेब जहाज अगदी आडवे जात असेल तरच बरोबर येतो. ते प्रत्यक्षात ४५ अंशांनी तिरपे येत असेल, तर त्याचे आडवे सरकणे २८० नव्हे, २०० मीटरच्या आतबाहेर होईल. फरक ८० मीटरांचा. १२० मीटर लांबीचे जहाज तिरपे असताना मध्यापासून टोकापर्यंत जेमतेम ४२ मीटरच दिसते, त्यामुळे टॉर्पेडो त्याच्या पुढून निघून जाईल. शिवाय कप्तान पेरिस्कोप वर ठेवू शकतो तो काही सेकंदच, नाहीतर तोच दिसेल. दिशा, वेग आणि अंतर हे तीनही अंदाज त्याने तेवढ्यात बांधायचे. डॅझलचा मारा यातल्या पहिल्या अंदाजावर होता.

जहाजाची दिशा आपण ओळखतो ती नाळ, डोलकाठ्या, धुराडी आणि पुढे फुटणारी फेसाळ लाट यांवरून. विल्किन्सन यांनी नेमक्या याच खुणा मोडल्या. नाळेवर असे तिरपे पट्टे, की जहाजाचे टोक नेमके कुठे आहे ते कळू नये. पिछाडीला अशी वक्र रेघ, की तीच नाळ वाटावी. डेकवरच्या खोल्यांच्या भिंतींवरून पट्टा सरळ खाली कवचावर उतरलेला, म्हणजे कुठला पृष्ठभाग पुढे आणि कुठला मागे हे डोळ्याला ठरवता येऊ नये. डाव्या आणि उजव्या बाजूची नक्षी वेगवेगळी. एकाच बनावटीच्या दोन जहाजांवरही एकसारखी नक्षी नाही, कारण तीच नक्षी ओळखीची खूण झाली असती.

तळघरातली छोटी जहाजे

नौदलाने ही सूचना आश्चर्य वाटावे इतक्या लवकर उचलली. ‘इंडस्ट्री’ नावाच्या रसद-जहाजावर मे १९१७ मध्ये पहिला प्रयोग झाला. मग जागेचा प्रश्न आला. लंडनच्या रॉयल अकादमीने, म्हणजे चित्रकारांच्याच संस्थेने, बर्लिंग्टन हाउसमधल्या चार खोल्या दिल्या. तिथे डॅझल विभाग सुरू झाला. नौदलाच्या गणवेशातले चित्रकार, लाकडाची मॉडेल कोरणारे कारागीर आणि कलाशाळांतल्या तरुण मुली, असे सुमारे दोन डझन लोक.

कामाची पद्धत इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. जहाजाचे प्रमाणात छोटे लाकडी मॉडेल तयार व्हायचे. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या रंगांनी नक्षी काढायची, म्हणजे जमली नाही तर पुसून लगेच बदलता यावी. मग मॉडेल एका फिरत्या टेबलावर ठेवायचे. मागे वेगवेगळ्या आकाशांचे पडदे : निरभ्र, ढगाळ, संध्याकाळचे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पेरिस्कोप. त्यातून पाहणारा मॉडेलची दिशा सांगायचा आणि ती खऱ्या दिशेशी ताडून पाहायची. जी नक्षी जास्त चुकवेल ती पास.

पास झालेली नक्षी पांढऱ्या कागदावर जहाजाच्या दोन्ही बाजूंच्या आराखड्यावर उतरवली जायची. प्रमाण एका फुटाला एक सोळांश इंच, म्हणजे १:१९२. हे उतरवण्याचे आणि रंग भरण्याचे काम मुलींचे. मग आराखडे निरनिराळ्या बंदरांत जायचे. तिथला डॅझल अधिकारी कवचावर खडूने रेषा आखून घ्यायचा आणि झुल्यावर लोंबकळणारे रंगारी मोठ्या ब्रशने त्या भरायचे. लिव्हरपूल आणि ब्रिस्टलच्या गोद्यांत हे काम पाहणारा एडवर्ड वॉड्सवर्थ पुढे स्वतः नामवंत चित्रकार ठरला. सुक्या गोदीतल्या डॅझल जहाजांचे त्याचे १९१९ मधले चित्र आजही या विषयावरच्या प्रत्येक पुस्तकात सापडते.

या खोल्यांत काम करणाऱ्या एव्हलिन मॅकेन्झी यांच्याशी विल्किन्सन यांनी १९१८ मध्ये लग्न केले. बाकीच्या मुलींची नावे मात्र विल्किन्सन यांच्या नावाइतकी कुणाला माहीत नाहीत, आणि नक्षी कागदावर नेमकी उतरवण्याचे चिकट काम त्यांचेच होते.

याच खोलीतला राजाचा किस्सा प्रसिद्ध आहे. पाचवे जॉर्ज स्वतः नौदलात वाढलेले. त्यांनी पेरिस्कोपला डोळा लावून मॉडेलची दिशा सांगितली ती दक्षिणेकडची, किंचित पश्चिमेला झुकलेली. मॉडेलचे तोंड प्रत्यक्षात पूर्व-आग्नेयेला होते. चूक जवळपास ८० अंशांची.

मास्किंग टेप नसताना इतक्या सरळ रेषा?

आज मॉडेल रंगवणाऱ्याला हे नवल वाटते, कारण रंगाच्या कामासाठीची मास्किंग टेप बाजारात आली ती १९२५ मध्ये. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी ती मोटारींच्या दुरंगी रंगकामासाठी तयार केली. बर्लिंग्टन हाउसमध्ये हात, ब्रश आणि सराव एवढेच होते.

आजच्या छांदिष्टाकडे टेप असूनही डॅझल अवघडच जाते. १२० मीटरचे जहाज १/३५० प्रमाणात ३४ सेंटिमीटरचे होते आणि १/७०० प्रमाणात १७ सेंटिमीटरचे. खऱ्या जहाजावरचा दोन मीटरचा पट्टा मोठ्या मॉडेलवर सहा मिलिमीटरही भरत नाही, लहानावर तीन. कडा जराशी फुटली तरी नजरेत येते.

म्हणून करणारे लोक काही गोष्टी कटाक्षाने पाळतात. आधी संपूर्ण मॉडेलवर सगळ्यांत फिकट रंग, बहुधा पांढरा किंवा फिका करडा, आणि तो पूर्ण सुकू द्यायचा. आराखड्याची मॉडेलच्या मापात प्रत काढून तिचे तुकडे साचा म्हणून वापरायचे. टेपची कारखान्यातून आलेली कड धूळ धरते, म्हणून काचेवर टेप चिकटवून धारदार पात्याने नवी कड कापायची. वळणदार रेषेला साधी कागदी टेप सुरकुतते. तिथे ताणली जाणारी बारीक व्हिनाइल टेप किंवा ब्रशने लावायचे रबरी मास्किंग द्रव. टेप लावल्यावर कड टूथपिकने दाबून बसवायची.

सगळ्यात कामाची युक्ती त्यानंतरची. टेपच्या कडेवर आधी खालचाच फिका रंग पुन्हा एक हात मारायचा. टेपखाली कुठे फट असेल तर ती त्याच रंगाने बुजते. मग वरचा गडद रंग कडेला पाझरत नाही. हाताने रंगवताना ब्रशचा फटकारा टेपवरून बाहेरच्या दिशेने; कडेच्या आत ढोसला तर रंग टेपखाली शिरतोच. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. रंग दगडासारखा घट्ट होण्याआधी टेप स्वतःवरच दुमडून, सावकाश, तिरकी ओढायची. घाई केली की खालचा रंग सालपटासारखा निघतो.

नाळेपाशी डावी-उजवी नक्षी एकमेकांना भेटते, तिथे बहुतेकांचा घोळ होतो. दोन्ही बाजूंचे आराखडे समोर ठेवून तिथूनच सुरुवात केलेली बरी. बंदरावरच्या डॅझल अधिकाऱ्याचीही डोकेदुखी हीच होती, फक्त त्याची नाळ तीन मजली उंच होती.

डॅझलमुळे जहाजे वाचली का?

हा या आयुष्यातला सर्वांत अडचणीचा प्रश्न. १९१७ सरण्याआधीच ब्रिटिश व्यापारी जहाजांना डॅझल देण्याचे फर्मान निघाले. युद्ध संपेपर्यंत सुमारे चार हजार व्यापारी जहाजे आणि चारेकशे नौदलाची जहाजे रंगवून झाली. १९१८ च्या सुरुवातीला विल्किन्सन अमेरिकेला गेले आणि तिथल्या नौदलाला ही पद्धत शिकवून आले. अमेरिकेने आणखी बाराशेवर जहाजे रंगवली.

पण नौदलाने आकडे तपासले तेव्हा चित्र धूसर निघाले. १९१८ च्या पहिल्या तिमाहीत हल्ला झालेल्या डॅझल जहाजांपैकी ७२ टक्के बुडाली किंवा जायबंदी झाली. साध्या रंगाच्या जहाजांत हे प्रमाण ६२ टक्के. पुढच्या तिमाहीत उलटे : डॅझल ६० टक्के, साधी ६८. डॅझल जहाजे सरासरीने मोठी होती, म्हणजे शत्रूला अधिक हवीहवीशी, हा मुद्दाही होताच. त्याच काळात जहाजे ताफ्याने, युद्धनौकांच्या पहाऱ्यात जाऊ लागली होती. नुकसान घटले त्याचे श्रेय इतिहासकार मुख्यतः ताफ्यांना देतात. सप्टेंबर १९१८ मध्ये नौदलाच्या समितीने निष्कर्ष काढला, की डॅझलचा ठोस फायदा सिद्ध होत नाही. तोटाही दिसत नाही आणि जहाजावरच्या माणसांचे मनोधैर्य वाढते, म्हणून चालू ठेवावे.

मनोधैर्याचा हा मुद्दा उडवून लावण्याजोगा नाही. ज्याच्या हातात तोफ नाही, ज्याला पळायला जागा नाही, अशा खलाशाला आपल्यासाठी कुणी काहीतरी केले आहे हे दिसणे, याला किंमत असते. मात्र त्या समितीपुढे डेकवरच्या लास्करांचे मत कुणी मागितल्याचे दिसत नाही.

२०२५ मध्ये या कथेला नवे वळण मिळाले. ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९१९ चा एक प्रबंध पुन्हा तपासला. एमआयटीतल्या लिओ ब्लॉजेट या विद्यार्थ्याने रंगवलेली मॉडेल पेरिस्कोपमधून दाखवून किती चूक होते ते मोजले होते. पण बिनरंगाच्या मॉडेलशी नीट तुलना केली नव्हती. संशोधकांनी जुन्या छायाचित्रांतली नक्षी संगणकावर पुसून ती तुलना केली. निष्कर्ष असा, की डॅझलने दिशा थोडी फिरते हे खरे. पण त्याहून मोठा परिणाम क्षितिजाचाच असतो. दूरचे जहाज क्षितिजरेषेशी २५ अंशांपर्यंत तिरपे असले तरी पाहणाऱ्याला ते क्षितिजाला समांतर चालल्यासारखेच वाटते. नक्षी असो वा नसो, अनुभवी डोळाही यात फसतो. म्हणजे बर्लिंग्टन हाउसच्या खोलीत मॉडेलने लोकांना फसवले ते खरेच. त्यातला मोठा वाटा रंगाचा नसावा. राजाची ८० अंशांची चूक मात्र एवढ्याने पूर्ण उलगडत नाही.

श्रेय कुणाचे?

युद्ध संपताच वाद पेटला. ग्लासगोचे प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रॅहम कर यांनी १९१४ मध्येच तेव्हाचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांना पत्र लिहून झेब्रा, जिराफ यांच्यासारख्या तुटक पट्ट्यांनी जहाजाची आकृती मोडावी, असे सुचवले होते. नौदलाने ते थोडेफार करून पाहिले आणि सोडून दिले. कर यांचे म्हणणे, डॅझल म्हणजे माझीच कल्पना. विल्किन्सन यांचे म्हणणे, कर यांना जहाज कमी दिसायला हवे होते, मला दिशा चुकवायची होती. १९२२ मध्ये संशोधकांना बक्षिसे देणाऱ्या शाही आयोगाने विल्किन्सन यांच्या बाजूने कौल दिला आणि २,००० पौंड मंजूर केले. कायद्याने प्रश्न मिटला. पट्ट्यांनी आकृती मोडण्याचा विचार कर यांनी आधी मांडला होता, हे मात्र नाकारता येत नाही.

पुढे काय झाले?

विल्किन्सन पुन्हा पोस्टरांकडे वळले. १९२४ मध्ये लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी त्यांनी रॉयल अकादमीच्या नामवंत चित्रकारांना पोस्टरे करायला राजी केले. १९३६ ते १९६३ अशी तब्बल २७ वर्षे ते जलरंग चित्रकारांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते.

दुसऱ्या महायुद्धात त्यांना पुन्हा बोलावणे आले, पण या वेळी विमानतळ झाकण्यासाठी. वरून पाहणाऱ्या वैमानिकाला धावपट्टी शेतासारखी वाटावी, असे काम. १९१७ च्या अगदी उलट, खरोखरच लपवायचे. सोबत ते युद्धनौकांवरून फिरून चित्रे काढत राहिले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले, तेव्हा पासष्टीतले विल्किन्सन ‘जर्व्हिस’ या विनाशिकेवर होते. समुद्रयुद्धाची पन्नासहून अधिक चित्रे त्यांनी देशाला भेट दिली.

१९६९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि मे १९७१ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर रडार आले होते आणि त्याला पट्ट्यांचे काही देणेघेणे नव्हते.

ही जहाजे आज कुठे पाहता येतात?

बर्लिंग्टन हाउसमधली हाताने रंगवलेली लाकडी मॉडेल लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहेत. अमेरिकेतील डॅझल आराखड्यांचा मोठा संच ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनच्या ग्रंथालयात आहे. मॉडेल रंगवणाऱ्यांना डाव्या-उजव्या बाजूची खरी नक्षी त्यात मिळते.

ज्या खलाशांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही, अशा दोन हजारांहून अधिक जणांची नोंद असलेले पहिल्या महायुद्धाचे स्मारक मुंबईत, मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये आहे. रत्नागिरीहून गेलेल्यांच्या घरच्यांना ते लंडनपेक्षा पुष्कळ जवळ आहे.